तोडीस तोड पूर्वपक्ष

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम,

मी बी.ए. भाग तीनची इंग्रजी विषयाची विद्यार्थिनी आहे. माझे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत आमच्या घरात पाणी शिरले होते. आम्हाला इंग्रजीत पंधराशे शब्दांचा युक्तिवादात्मक निबंध लिहायचा आहे आणि मी ‘अलमट्टी धरणाची उंची वाढवावी का?’ हा कर्नाटकातील धरणाविषयीचा विषय घेतला आहे. पहिल्या खर्ड्यात मी उंची वाढवू नये असे ठामपणे लिहिले. सरांनी ‘एकांगी आहे, संतुलित करा’ असा शेरा मारून तो परत दिला. मग मी निम्मा निबंध एका बाजूचा, निम्मा दुसऱ्या बाजूचा लिहिला आणि शेवटी ‘दोन्ही राज्यांनी सामंजस्याने मार्ग काढावा’ असे म्हटले. त्यावर सरांनी ‘मग तुमचे म्हणणे काय?’ एवढेच लिहिले. आता मी नेमके काय करावे? वडील म्हणतात, ज्या धरणाने आपले घर बुडवले त्याची बाजू आपण कशाला मांडायची? मलाही ते पटते. निबंध पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. दोन्ही खर्डे सोबत जोडले आहेत.

— एक विद्यार्थिनी, तालुका करवीर

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुमचे दोन्ही खर्डे मी दोनदा वाचले आणि सर्वांत आधी जे सांगायला हवे ते हे की, पहिला खर्डा दुसऱ्यापेक्षा चांगला आहे. त्यात चुका आहेत, पण त्यात कोणीतरी बोलते आहे. दुसऱ्या खर्ड्यात ते माणूसच नाहीसे झाले आहे. सरांचे दोन्ही शेरे तुम्हाला एकमेकांविरुद्ध वाटले असणार, कारण आधी त्यांनी दुसरी बाजू मागितली आणि ती दिल्यावर पुन्हा तुमचीच बाजू मागितली. प्रत्यक्षात त्यांनी दोन्ही वेळा एकच गोष्ट मागितली आहे आणि ती दोन्ही वेळा मिळाली नाही. दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेतल्यानंतरही टिकून राहिलेले तुमचे मत त्यांना हवे आहे. पहिल्या खर्ड्यात ऐकून घेणे नव्हते आणि दुसऱ्यात मत नव्हते.

निम्मे-निम्मे वाटून टाकण्याची ही सवय तुमची एकटीची नाही. सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात महाविद्यालयीन मुलांना इंग्रजी शिकवते आहे आणि दर वर्षी ती मला निदान अर्ध्या वर्गात दिसते. आपण सगळेच शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहून मोठे झालो. दोन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे आणि शेवटी ‘शेवटी सारे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ हे ठरलेले वाक्य, असा तो साचा आपल्या हातात बसला आहे. आठवीच्या मुलाला एका प्रश्नाला दोन बाजू असतात हे कळावे म्हणून तो साचा ठीक आहे, पण विद्यापीठाच्या पातळीवर त्याचा उपयोग संपतो, कारण दोन बाजू आहेत हे तिथे गृहीतच असते आणि त्या समोर ठेवून तुम्ही कोणत्या निर्णयाला आलात व कशाच्या आधारावर आलात, एवढेच तपासले जाते. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यातील ‘सामंजस्याने मार्ग काढावा’ हे वाक्य म्हणजे त्या शालेय शेवटाचेच इंग्रजी रूप आहे. त्याला कोणीही विरोध करणार नाही, आणि ज्या वाक्याला कोणीच विरोध करू शकत नाही ते युक्तिवादात्मक निबंधाचे प्रतिपादन होऊ शकत नाही.

मग ‘संतुलित’ म्हणजे काय? इंग्रजी विभागात यासाठी थिसिस, काउंटर-आर्ग्युमेंट, रिबटल असे शब्द वापरतात आणि मुलांना वाटते की हे काहीतरी परके तंत्र आहे. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडायचा आणि मग त्याला उत्तर देऊन सिद्धांतापर्यंत यायचे, ही शिस्त फार जुनी आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकारही वेगळे केले आहेत : सत्य काय ते कळावे म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडत राहायचे ती वितंडा. तुमचा पहिला खर्डा जल्प आहे. दुसरा या तिन्हींत कुठेच बसत नाही, कारण तुम्ही तिथे चर्चेतूनच बाहेर पडला आहात. तुम्हाला वाद लिहायचा आहे, आणि वादाची पहिली अट अशी की पूर्वपक्ष तुमच्या तोंडून तितक्याच ताकदीने यायला हवा, जितक्या ताकदीने तो समोरच्या माणसाच्या तोंडून आला असता.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात म्हणून हे कुस्तीच्या भाषेत सांगते. खासबागेच्या मैदानात नावाजलेल्या मल्लासमोर एखादा कच्चा पोरगा उभा केला आणि पहिल्याच मिनिटाला त्याला चितपट केले, तर जाणत्या प्रेक्षकाला त्या विजयाचे काडीचेही कौतुक वाटत नाही. जोड तोडीस तोड असावी लागते. तुमच्या पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या बाजूसाठी एकच वाक्य आहे, ज्याचा मराठी अर्थ असा होतो : ‘कर्नाटकाला फक्त जास्त पाणी हवे आहे आणि कोल्हापूर-सांगलीच्या लोकांची त्यांना पर्वा नाही.’ हा तुम्ही उभा केलेला कच्चा पोरगा आहे. विजयपूर जिल्ह्यातील एकाही शेतकऱ्याने हे वाक्य वाचून ‘हो, माझे म्हणणे असेच आहे’ असे म्हटले नसते.

तो काय म्हणाला असता, ते आपण मांडून पाहू. अलमट्टी धरण कृष्णेवर, बागलकोट आणि विजयपूर या जिल्ह्यांच्या पट्ट्यात आहे. हा भाग पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा आहे. धरणात आज ५१९.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठवले जाते. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या लवादाने, २०१० च्या निवाड्यात अनुमती दिली. तेव्हा तो शेतकरी म्हणेल, ‘आम्ही हिसकावून घेत नाही, लवादाने दिलेले मागतो आहोत. कृष्णा आमच्या उशाशी वाहते आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. या धरणासाठी त्यागही आम्हीच केला आहे. जुन्या बागलकोट शहराचा मोठा भाग त्याच्या पाण्याखाली गेला, आणि उंची वाढली तर पुन्हा आमचीच गावे आणि आमचीच जमीन बुडणार आहे.’ त्याच्या हातात आणखी एक मुद्दा आहे आणि तो तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या, निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अल्पकाळात कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूररेषेतील अतिक्रमणे अशा कारणांकडे तिने बोट दाखवले. ‘तुमच्याच सरकारची समिती असे म्हणते,’ असे त्या शेतकऱ्याने म्हटले, तर तुमच्याजवळ काय उत्तर आहे?

हा परिच्छेद लिहिताना तुमचा हात थरथरला पाहिजे, असे मी म्हणेन. पूर्वपक्ष लिहून झाल्यावर स्वतःच्या मताबद्दल क्षणभर तरी शंका आली नाही, तर तो पुरेसा मांडलेला नाही, असे समजावे. आपल्याकडच्या इतिहासातले एक उदाहरण मी वर्गात नेहमी देते. मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ मध्ये झाला. आगरकर त्याच्या बाजूचे होते आणि टिळक विरोधात. ‘टिळकांना बालविवाह हवे होते म्हणून त्यांनी विरोध केला’ असे लिहिणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. टिळकांचा मुख्य आक्षेप आमच्या सामाजिक बाबतीत परक्या सरकारने कायदा करण्याला होता. मी स्वतः या प्रश्नावर आगरकरांच्या बाजूची आहे, पण टिळकांचा खरा आक्षेप मांडून त्याला उत्तर दिले तरच आगरकरांची बाजू खऱ्या अर्थाने सिद्ध होते. नाहीतर आपण टिळकांना उत्तर देतच नाही, आपणच रचलेल्या बाहुल्याशी बोलत राहतो.

आता तुमच्या पुराव्याकडे येते, आणि इथे मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण तुमच्या निबंधाचे मर्म इथे आहे. पहिल्या खर्ड्यातील तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिले आहे की, पाणी ओसरल्यावर घरात गेलात तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ देव्हाऱ्याच्याही वर वीतभर उमटली होती, आणि आईने घर दोनदा रंगवूनही पावसाळी दमटपणात ती रेघ अजून वर येते. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. हा परिच्छेद कोणत्याही परिस्थितीत काढू नका. दुसऱ्या खर्ड्यातून तुम्ही तो ‘वैयक्तिक आहे’ म्हणून काढून टाकलात, ती तुमची सर्वांत मोठी चूक आहे. पण त्या परिच्छेदाच्या शेवटी तुम्ही जे वाक्य लिहिले आहे, ‘म्हणून अलमट्टीची उंची वाढवता कामा नये’, ते तिथे टिकत नाही.

ते का टिकत नाही, हे नीट समजून घ्या. भिंतीवरची रेघ ही निर्विवाद गोष्ट आहे. पाणी किती चढले, घराचे काय झाले, कुटुंबाने काय सोसले, हे ती सिद्ध करते. ते पाणी कुठून आले, ते ओसरायला इतके दिवस का लागले आणि खाली दूरवर असलेल्या धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणात अडल्यामुळे नदीत मागे चढणाऱ्या पाण्याचा, त्यात वाटा किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रेघेत नाही. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली आणि जी आज अनेक इंग्रजी विभागांत शिकवली जाते, तिच्यात दावा आणि पुरावा यांच्या जोडीला एक तिसरी गोष्ट आहे, वॉरंट. पुराव्यावरून दाव्यापर्यंत जाण्याचा परवाना, असे तिला म्हणता येईल. तुमच्याजवळ दावा आहे, पुरावा आहे, परवाना नाही. हानीचा पुरावा तुम्ही कारणाचा पुरावा म्हणून वापरला आहे. दुःखातून लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे सहज घडते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मात्र परीक्षकाला ते लगेच दिसते.

यावर उपाय आहे. एका मोठ्या कागदावर जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांतील तारखा एकाखाली एक लिहा आणि पुढे रकाने आखा : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फुटांवर होती, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले होते, घाटमाथ्यावर पाऊस किती झाला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर होती आणि अलमट्टीतील पातळी व विसर्ग किती होता. हे आकडे पुराच्या दिवसांत जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन रोज देतात. त्या काळातील वर्तमानपत्रे तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेली असतील, तर तिथेच अर्धे काम होईल. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तुमच्या गावातील लहान मूलही सांगेल. पण पंचगंगेने ४३ फूट ओलांडले त्या दिवशी अलमट्टीत काय चालले होते, हे फार थोड्या जणांनी एका कागदावर मांडून पाहिलेले असते. तो तक्ता पाहिल्यावर तुमचे मत बळकट होईल किंवा डळमळेल. दोन्हींपैकी काहीही झाले तरी निबंधात सांगण्यासारखे काहीतरी तुमच्या हाती येईल. एका तक्त्याने कारणमीमांसा सिद्ध होत नाही, ते जलशास्त्रज्ञांचे काम आहे, ही मर्यादाही निबंधात एका वाक्यात सांगून टाका. तसे सांगितल्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही, उलट वाचकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

आता प्रतिपादनाचे वाक्य. ‘अलमट्टीची उंची वाढवू नये’ हे पहिल्या खर्ड्यातील वाक्य इतके सरसकट आहे की कोणताही पूर्वपक्ष मान्य केला की ते कोसळते, म्हणूनच तुम्हाला पूर्वपक्ष टाळावा लागला. वाक्य अटींनी बांधा. उदाहरणार्थ, असे म्हणता येईल : ‘फुगवट्याचा दोन्ही राज्यांनी मिळून केलेला अभ्यास लोकांसमोर येत नाही आणि पावसाळ्यात धरणात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचे बंधनकारक वेळापत्रक ठरत नाही, तोपर्यंत उंची वाढवू नये.’ हे वाक्य सामंजस्याच्या वाक्यासारखे गुळगुळीत नाही. विजयपूरचा शेतकरी त्याला विरोध करू शकतो, कारण त्याला पाणी आज हवे आहे. तुमच्या गावातील एखादा माणूसही विरोध करू शकतो, कारण त्याला उंची कधीच वाढायला नको आहे. दोन्हीकडून हरकत घेता येते आणि तरीही बचाव करता येतो, असे ते वाक्य आहे. हे माझे वाक्य तसेच उचलू नका. तक्ता तयार झाल्यावर तुमचे वाक्य वेगळे येईल आणि तेच खरे असेल.

यातूनच कबुलीचा मुद्दा निघतो, जो पाठ्यपुस्तकात ‘कन्सेशन’ या नावाने दोन ओळींत उरकलेला असतो. दुसऱ्या बाजूचा एखादा मुद्दा मान्य करायचा, तर त्या मान्यतेची काहीतरी किंमत तुमच्या मताने मोजली पाहिजे. ‘अवर्षणग्रस्त भागाला पाण्याची गरज आहे हे मला मान्य आहे’ असे लिहून पुढचा सगळा निबंध जर जसाच्या तसा राहिला, तर ती कबुली केवळ तोंडदेखली होती. वडनेरे समितीचा निष्कर्ष तुम्ही मान्य केलात, तर ‘अलमट्टीने आमचे घर बुडवले’ हे वाक्य तुम्हाला सोडावे लागेल. सोडा ते वाक्य. त्याच्या जागी त्यापेक्षा मजबूत वाक्य उभे राहते : अतिवृष्टीने आणि नदीकाठच्या बांधकामांनी आधीच पूर इतका गंभीर झालेला असताना, फुगवट्याची भर पडण्याची शक्यता तपासल्याशिवाय ती जोखीम पत्करावी का? शिवाय २०१९ मध्ये काय झाले याविषयीचा निष्कर्ष त्या वर्षी असलेल्या धरणाविषयीचा आहे. धरण साडेचार मीटरहून अधिक उंच झाल्यावर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर त्यातून आपोआप मिळत नाही. हे तुमचे खरे उत्तर आहे, आणि समितीचा उल्लेख टाळला असता तर ते तुम्हाला कधीच सुचले नसते. मूळ अहवाल मिळवून वाचा. माझ्या किंवा बातमीच्या सारांशावर विसंबू नका.

भाषेविषयी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण निबंध इंग्रजीत आहे आणि विचार तुम्ही मराठीत करता, जे अगदी योग्यच आहे. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ यावेच लागते. त्यामुळे इंग्रजीत ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करून मध्ये ‘बट’ घालण्याची चूक आपल्या मुलांकडून हटकून होते. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात ती चार ठिकाणी आहे. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो. पण व्याकरणापेक्षा मोठी गोष्ट अशी की, ‘जरी’च्या बाजूला जे जाते ते हलके होते आणि ‘तरी’च्या बाजूला जे जाते त्यावर वाक्याचा भार पडतो. तुम्ही लिहिले आहे, ‘जरी पुराने हजारो कुटुंबांचे नुकसान झाले, तरी शेतीला पाण्याची गरज आहे.’ मुद्दे तेच ठेवून बाजू बदलून वाचा : ‘जरी शेतीला पाण्याची गरज आहे, तरी पुराने हजारो कुटुंबांचे नुकसान झाले.’ पहिल्या वाक्यात तुम्ही नकळत स्वतःच्या विरोधात निकाल दिला आहे. निम्म्या-निम्म्या निबंधातही मत असतेच, फक्त ते लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटून अशा वाक्यरचनेत जाऊन बसते.

दुसरे म्हणजे क्रियापदे. तुमच्या पहिल्या खर्ड्यात कर्नाटकाची माणसे नेहमी ‘क्लेम’ करतात आणि महाराष्ट्राची माणसे नेहमी ‘प्रूव्ह’ करतात. इंग्रजीत ‘क्लेम’ या शब्दाला अविश्वासाचा वास आहे, साधारण आपल्या ‘असा त्यांचा दावा आहे’ सारखा, आणि ‘प्रूव्ह’ हा शब्द इतका जड आहे की न्यायालयाने किंवा गणिताने सिद्ध केलेल्या गोष्टीपलीकडे तो जपून वापरावा. दोन्ही बाजूंसाठी ‘आर्ग्यू’ वापरा, आणि आकडा असेल तिथे ‘शो’ किंवा ‘रिपोर्ट’ वापरा. वाचकाला पहिल्या पानावरच पक्षपात जाणवतो तो बहुतेक वेळा मतामुळे नव्हे, या क्रियापदांमुळे. त्याचप्रमाणे ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांची जागा ठरवून घ्या. फुगवट्याने पूर वाढू शकतो, तिथे ‘मे’ हवे. अभ्यास लोकांसमोर यायलाच हवा, तिथे ‘मस्ट’ शोभते. तुम्ही नेमके उलटे केले आहे : जिथे खात्री नाही तिथे ‘मस्ट’ आणि जिथे मागणी ठाम हवी तिथे ‘मे’.

क्रमाबद्दल फार काळजी करू नका. पूर्वपक्ष आधी घ्यावा की तुमचे मुद्दे आधी, याचा एकच नियम नाही. तुमच्या विषयात वाचकाला तुम्ही कुठल्या काठावरच्या आहात हे लगेच कळणार आहे, म्हणून प्रतिपादनानंतर लगेच पूर्वपक्ष आणलात तर बरे, असे मला वाटते. सुरुवातीचा ‘जल हेच जीवन’ हा परिच्छेद पूर्ण काढून टाका आणि भिंतीवरच्या रेघेने निबंध सुरू करा. संदर्भ देण्याची जी पद्धत सरांनी सांगितली असेल ती शेवटपर्यंत एकसारखी पाळा. तेवढे पुरे.

आता वडिलांचा प्रश्न. तो मी शेवटी ठेवला, कारण त्याला सर्वांत जास्त आदराने उत्तर द्यायला हवे. ज्या माणसाने कंबरभर पाण्यातून जनावरे सोडवून आणली, त्याला ‘दुसरी बाजू समजून घ्या’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. दुसऱ्याची बाजू मांडणे म्हणजे तिला शरण जाणे नव्हे, हे त्यांना व्याख्यान देऊन पटणार नाही. तुम्ही असे करा. पूर्वपक्षाचा परिच्छेद इंग्रजीत लिहून झाला की तो मराठीत सांगा, विजयपूरचा शेतकरी बोलतो आहे असा, त्याच्या तोंडून. मध्ये स्वतःची टिप्पणी घालू नका. वडील चिडतील. मग ते उत्तर देऊ लागतील. राधानगरीचे दरवाजे कधी उघडले, पाणी कुठल्या बाजूने आले, किती दिवस तसेच तुंबून राहिले, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा भरावाच्या अलीकडे पाणी कसे होते, असे बरेच काही ते सांगतील, जे कुठल्याही अहवालात नाही. ते बोलत असताना वही उघडी ठेवा आणि त्यांचे शब्द तारखांसकट लिहून घ्या. त्यांनी सांगितलेल्या तारखा तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा. जिथे जुळतात तिथे तुम्हाला एका प्रत्यक्षदर्शीची साक्ष मिळाली, आणि जिथे जुळत नाहीत तिथे त्यांना पुन्हा विचारा, कारण कधीकधी आठवण चुकते आणि कधीकधी नोंद.

सोमवारला अजून सहा दिवस आहेत. त्यांतले पहिले दोन ग्रंथालयात आणि तक्त्यावर घालवा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांसमोर बसा आणि चौथ्या दिवशी आधीचे दोन्ही खर्डे बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर नव्याने लिहायला घ्या.